लस मुलीला, धास्ती आईवडिलांना

मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की एखाद्या भेटीत डॉक्टर सहज विषय काढतात, ‘‘आता हिला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस देऊन टाका.’’ कॅन्सर हा शब्द कानावर पडताच आई दचकते. मग मुलीच्या भल्यासाठीच सांगितले जात आहे हे लक्षात येऊन ती मान डोलावते. घरी आल्यावर मात्र ती दवाखान्यातून मिळालेले माहितीपत्रक उघडते आणि दुसऱ्याच परिच्छेदाशी अडखळते. हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो तो शरीरसंबंधातून पसरतो, असे तिथे स्पष्ट छापलेले असते.

रात्री जेवणे आटोपल्यावर, मुलगी झोपली आहे याची खात्री करून, दबक्या आवाजात बोलणे सुरू होते.

‘‘अहो, डॉक्टरांनी ती लस सांगितली ना, ती तसल्या आजाराची आहे.’’

‘‘तसल्या म्हणजे?’’

‘‘तुम्हीच वाचा.’’

वडील कागद वाचतात आणि चष्मा काढून ठेवतात. ‘‘अगं, ती अजून सातवीत आहे. एवढी काय घाई आहे? लग्न ठरेल तेव्हा बघू.’’

एव्हाना सासूबाईंच्या कानावर काही तरी गेलेले असते. ‘‘कसली लस म्हणतेस गं? चांगल्या घरच्या मुलींना असल्या लशी कशाला लागतात?’’

आणि ते पत्रक मुलीच्या फायलीत, जन्मदाखला आणि लहानपणीच्या लसीकरणाचे कार्ड यांच्या मधोमध, गुपचूप ठेवून दिले जाते.

पुणे असो की इंदूर, वडोदरा असो की हैदराबाद, हा संवाद थोड्याफार फरकाने कित्येक घरांत घडतो. या घरांतले आईवडील अडाणी नसतात, निष्काळजी तर मुळीच नसतात. मुलीच्या क्लासची फी, दातांच्या तारा, डोळ्यांचा नंबर या सगळ्याकडे त्यांचे बारीक लक्ष असते. मग नेमक्या याच लशीपाशी त्यांचे पाऊल का अडते?

विषाणूची ओळख

बोलीभाषेत ज्याला ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात, तो भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरखालोखाल सर्वाधिक आढळणारा कॅन्सर आहे. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार आपल्या देशात वर्षभरात सुमारे सव्वा लाख स्त्रियांना तो झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. यातल्या बहुतेक जणी अशा वयाच्या असतात की त्यांच्यावाचून घराचे पान हलत नाही.

या रोगाचा विवाहाशी काही तरी संबंध असावा, अशी शंका फार जुनी आहे. १८४२ साली इटलीतील रिगोनी-स्टर्न नावाच्या डॉक्टरांनी व्हेरोना शहरातील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हा कॅन्सर विवाहितांमध्ये जास्त आणि मठात राहणाऱ्या जोगिणींमध्ये क्वचित आढळतो असे त्यांना दिसले. कारण सापडायला मात्र पुढे जवळजवळ दीडशे वर्षे गेली. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३-८४ मध्ये या कॅन्सरच्या गाठींतून ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही, याचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार शोधून काढले. या कामासाठी २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जगभरातील या कॅन्सरच्या सुमारे ७० टक्के रुग्णांत हेच दोन प्रकार कारणीभूत असतात. भारतात हे प्रमाण त्याहूनही जास्त आहे.

आता जी गोष्ट आईवडिलांना सहसा कोणी समजावून सांगत नाही ती अशी, की हा विषाणू ‘वाईट चालीच्या’ माणसांचा आजार नाही. तो इतका सर्रास आढळतो की वैवाहिक जीवन जगणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याचा संसर्ग होतोच. बहुतेकांच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. त्यांना त्याचा पत्ताच लागत नाही. ज्या थोड्या स्त्रियांच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यात पुढे पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर उद्भवू शकतो. जन्मभर एकाच पुरुषाशी, आपल्या नवऱ्याशी, संसार केलेल्या बाईलाही तो होऊ शकतो, कारण नवऱ्याने लग्नापूर्वी काय बरोबर आणले आहे हे तिला ठाऊक नसते आणि पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसते. सासूबाईंच्या ‘चांगल्या घरच्या मुली’ या शब्दांना या विषाणूच्या दृष्टीने काहीच अर्थ नाही. या रोगाने गेलेल्या बायका चांगल्या घरच्याच होत्या.

‘लग्न ठरेल तेव्हा बघू’

वडिलांचे हे म्हणणे वरवर पाहता शहाणपणाचे वाटते. धोका लग्नानंतरचा असेल तर लस लग्नाच्या वेळी द्यावी, हा हिशेब सरळ आहे. पण तो दोन ठिकाणी चुकतो.

एक म्हणजे ही लस झालेला संसर्ग बरा करत नाही, ती फक्त होऊ घातलेला संसर्ग अडवते. म्हणून ती संबंध सुरू होण्यापूर्वी, पुरेशी आधी दिली गेली तरच तिचा पूर्ण उपयोग होतो. दुसरे म्हणजे वय. नऊ ते चौदा या वर्षांत मुलींचे शरीर या लशीला जितका जोरदार प्रतिसाद देते तितका पुढे देत नाही. म्हणूनच भारतातील बालरोगतज्ज्ञ पंधराव्या वर्षाच्या आत सहा महिन्यांच्या अंतराने दोन आणि त्यानंतर तीन मात्रा देत आले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२२ पासून वीस वर्षांपर्यंतच्या मुलींना एक मात्राही पुरेशी मानली आहे.

उशीर किती महागात पडतो याचा अंदाज इंग्लंडमधील २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून येतो. तिथे ज्या मुलींना बारा-तेराव्या वर्षी लस मिळाली, त्यांच्यात हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी घटला. ज्यांना सोळा ते अठरा या वयात मिळाली, त्यांच्यात ही घट ३४ टक्केच होती. सातवीतल्या मुलीच्या बाबतीत डॉक्टर घाई करतात ती या आकड्यांमुळे.

आणि प्रत्यक्षात लग्न ठरते तेव्हा काय होते? हॉल, दागिने, आहेर, पत्रिका. त्या धामधुमीत ‘लशीचे बघू’ हे कोणाला आठवते?

फायलीतले जुने कार्ड

आईवडिलांच्या मनातली खरी भीती सुईची नसतेच. लस दिली म्हणजे आपण मुलीला एक प्रकारे परवानगीच दिली, ‘आता काही होणार नाही’ असा समज करून ती बहकेल, ही ती भीती. काही आयांच्या मनात त्याही पुढची धास्ती असते. उद्या सोयरिकीच्या वेळी हे कोणाला कळले तर लोक काय म्हणतील?

अशा आईने ज्या फायलीत पत्रक ठेवले, त्याच फायलीतले लहानपणीचे कार्ड एकदा काढून पाहावे. त्यावर हिपॅटायटिस बी या लशीची नोंद असते. बाळाला ही लस बहुधा जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत टोचतात. हिपॅटायटिस बी हा यकृताचा आजार रक्तातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला होतो, तसाच तो शरीरसंबंधातूनही पसरतो. तेव्हा ज्या प्रकारच्या रोगाच्या नावाने घरात एवढी कुजबूज चालली आहे, त्याच प्रकारच्या एका रोगाची लस मुलीला पाळण्यात असतानाच मिळून चुकलेली असते. त्या वेळी कोणी तिच्या चारित्र्याची चर्चा केली नव्हती. पेढे वाटले होते.

त्याच कार्डावर रुबेलाचीही नोंद सापडेल. रुबेला झाला तर मुलांना त्याचा फारसा त्रास होत नाही. ही लस देण्याचे मुख्य कारण असे, की गरोदरपणी हा आजार झाल्यास पोटातल्या बाळाला बहिरेपणा, मोतीबिंदू, हृदयदोष होऊ शकतात. म्हणजे मुलीच्या वीस-पंचवीस वर्षांनंतरच्या बाळंतपणाची तरतूद आपण तिच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षीच करून ठेवतो. त्यामुळे ती लवकर आई व्हायला निघेल, असे आजवर कोणाच्या मनात आलेले नाही.

तरीही कोणाचे समाधान होत नसेल तर या भीतीची तपासणीही झालेली आहे. अमेरिकेत अटलांटा शहरात अकरा-बारा वर्षांच्या सुमारे १,४०० मुलींच्या वैद्यकीय नोंदी तीन वर्षांपर्यंत पाहण्यात आल्या. त्यांतल्या काहींना एचपीव्हीची लस मिळाली होती, काहींना नव्हती. गरोदर राहणे, गुप्तरोग होणे किंवा गर्भनिरोधकाचा सल्ला घेणे यांपैकी कशातही दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. बारा वर्षांची मुलगी दंडावरच्या टोचणीकडे बघून आयुष्याचे निर्णय घेत नाही. दंड दुखतो आणि उद्याच्या परीक्षेला हात उचलेल की नाही, एवढीच तिला काळजी असते.

जिथे पालकांना कोणी विचारलेच नाही

मात्र आईवडिलांचा सगळाच संशय निराधार आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला एक इतिहास आहे आणि तो आपल्याच देशातला आहे.

२००९ साली आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यात पाथ या अमेरिकन संस्थेने, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राज्य सरकारांच्या सहकार्याने, दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प सुरू केला. यातल्या पुष्कळ मुली आदिवासी आणि गरीब कुटुंबांतल्या होत्या. त्या काळात सात मुली मरण पावल्या आणि एकच गहजब उडाला. एप्रिल २०१० मध्ये केंद्र सरकारने प्रकल्प थांबवला. चौकशीत निघाले ते असे, की या मृत्यूंचा लशीशी संबंध असल्याचे दिसत नाही. कोणी सर्पदंशाने गेली होती, कोणी विहिरीत बुडून, कोणी विषारी औषध पिऊन, कोणी तापाने.

पण चौकशीतून आणखीही एक गोष्ट बाहेर आली आणि ती अधिक लाजिरवाणी होती. आंध्रातील अडीच हजारांहून अधिक संमतीपत्रांवर आईवडिलांच्या नव्हे, तर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. मुलगी वसतिगृहात, आईबाप दूरच्या पाड्यावर मजुरीला, आणि सही तिसऱ्याचीच. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात या प्रकारावर अत्यंत कडक ताशेरे ओढले.

पुढे चर्चा झाली ती ‘लशीने मुली मेल्या’ एवढीच. सह्यांचा प्रश्न लोक विसरून गेले. वास्तविक उलटे व्हायला हवे होते. लशीबद्दलची भीती चुकीची होती, आपल्याला न विचारता आपल्या मुलींना सुई टोचली गेली हा पालकांचा राग मात्र शंभर टक्के रास्त होता. आज मोबाइलवर ‘या लशीने मुली वांझ होतात’ असे निरोप फिरतात, त्यांना बळ मिळते ते अशाच जुन्या अविश्वासातून. लशीत जिवंत विषाणू नसतो, त्याचे केवळ रिकामे कवच असते. त्यातून रोग होत नाही की मूल होण्यात अडथळा येत नाही. दंड दुखणे, किंचित ताप, क्वचित भोवळ, एवढा त्रास संभवतो. भोवळ येऊन मुलगी पडू नये म्हणून लस दिल्यावर पंधरा मिनिटे तिला बसवून ठेवतात.

पालकांशी नीट बोलले तर काय होते हे सिक्किमने दाखवले. २०१८ साली तिथल्या सरकारने राज्यभरातील सुमारे २५ हजार मुलींसाठी शाळांमधून ही लस देण्याचे ठरवले, पण सुई हातात घेण्याआधी शिक्षक, डॉक्टर, पत्रकार आणि पालक यांच्या बैठका घेतल्या. शंका विचारू दिल्या, उत्तरे दिली. नव्वद टक्क्यांहून अधिक मुलींनी लस घेतली.

बार्शीच्या मुली

खम्मम प्रकरणाची एक बाजू महाराष्ट्राशी जोडलेली आहे आणि ती फारशी कोणाला माहीत नाही. त्याच सुमारास फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने भारतात नऊ ठिकाणी एक वेगळा अभ्यास सुरू केला होता. त्यांत सोलापूर जिल्ह्यातील बार्शीबरोबर पुणे आणि मुंबईही होती. दहा ते अठरा वर्षांच्या अविवाहित मुलींना तीन मात्रा द्याव्यात की दोनही पुरतील, एवढेच त्यात पाहायचे होते. २०१० च्या बंदीत हा अभ्यासही सापडला. सुमारे १७ हजार मुलींना लस मिळाली होती, पण त्यांतल्या जवळजवळ पाच हजार मुलींची पहिलीच मात्रा झाली होती आणि पुढची मिळण्याचा मार्ग बंद झाला.

संशोधकांनी या मुलींना वाऱ्यावर सोडले नाही. वर्षामागून वर्षे त्यांचा पाठपुरावा केला. मुली मोठ्या झाल्या, त्यांची लग्ने झाली, त्यांना मुले झाली. आणि दहा वर्षांनी, २०२१ साली, निष्कर्ष आला की एकच मात्रा मिळालेल्या मुलींनाही १६ आणि १८ क्रमांकाच्या विषाणूंच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून तीन मात्रांइतकेच, सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेला मान्यता दिली त्यामागे जे पुरावे होते, त्यांत हा एक महत्त्वाचा पुरावा होता. एक मात्रा म्हणजे खर्च निम्मा आणि गरीब देशांतील लक्षावधी मुलींपर्यंत पोहोचण्याची शक्यता. बार्शीच्या आसपासच्या खेड्यांतून ज्या आईबापांनी त्या वेळी विचारपूर्वक सही केली, त्यांच्या पदरी हे श्रेय आहे.

आता तर लसही घरचीच झाली आहे. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या ‘सर्व्हाव्हॅक’ या लशीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली आणि २०२३ मध्ये ती बाजारात आली. परदेशी लशीपेक्षा ती स्वस्त आहे. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना ही लस देण्यास प्रोत्साहन देण्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी एका अभिनेत्रीने याच कॅन्सरने स्वतःचा मृत्यू झाल्याची खोटी बातमी पसरवली. ‘जागृतीसाठी’, असे नंतर सांगितले गेले. जागृतीचा हा प्रकार न झाला असता तर बरे झाले असते. आपल्या भागात ही लस सरकारी केंद्रात मोफत मिळते का, हे आशाताईंना किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारता येते.

आणि मुलगे? त्यांच्याविषयी घरात कुजबूज होत नाही, कारण त्यांचा विषयच निघत नाही. पण विषाणू त्यांच्याकडूनही येतो आणि त्यांनाही घसा, गुदद्वार व जननेंद्रियाचा कॅन्सर करू शकतो. ऑस्ट्रेलियात २०१३ पासून मुलग्यांनाही ही लस शाळेत देतात. आपल्याकडे पहिला भर मुलींवर आहे, पण ऐपत असलेल्या घरात मुलग्यासाठीही डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

तिला काय सांगायचे?

सगळे पटल्यावरही आई एका जागी अडतेच. मुलीने विचारले तर काय सांगायचे? दहा वर्षांच्या मुलीला ‘ही कॅन्सर होऊ नये म्हणून लस आहे, मोठी झाल्यावर होणाऱ्या एका कॅन्सरपासून ती वाचवते’ एवढे पुरेसे असते आणि ते पूर्ण खरे असते. तेरा-चौदा वर्षांची मुलगी मात्र शाळेच्या पुस्तकातून आणि मैत्रिणींकडून बरेच काही ऐकून असते. तिने ‘‘आई, हा कसा होतो गं?’’ असे विचारले, तर ‘तुला काय करायचंय’ म्हणून गप्प करण्यात तोटा आहे. ती दुसरीकडे विचारेल. पाळीविषयी ज्या आईने मोकळेपणाने सांगितले, तिला हेही सांगता येते, की काही विषाणू नवरा-बायकोच्या संबंधातून एकमेकांना होतात, त्यांतल्या एकापासून ही लस वाचवते, सगळ्यांपासून नाही. शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. ‘आता काही होणार नाही’ हा मुलीचा गैरसमज टाळायचा असेल, तर तो लस नाकारून टळत नाही. असे सांगून टळतो.

सासूबाईंना काय सांगायचे, हा वेगळा प्रश्न. बहुतेक घरांत ‘कॅन्सरची लस आहे, आई’ एवढ्यावर काम भागते. पुष्कळदा त्यांनीच नात्यातल्या कोणा बाईला अंगावरून जाण्याच्या दुखण्याने झिजताना पाहिलेले असते. त्या काळी त्या दुखण्याला नाव नव्हते, एवढेच. ती आठवण निघाली की विरोध बराचसा गळून पडतो.

लस टोचून झाल्यावर कार्डावर पुढची तारीख टाकता टाकता डॉक्टर आईला एक प्रश्न विचारतात, ‘‘तुमची स्वतःची तपासणी कधी झाली होती?’’ तिशीनंतर प्रत्येक स्त्रीने गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी असे सांगितले जाते. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या जेमतेम दोन टक्के स्त्रियांनी ती कधी तरी केलेली आढळली. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, तीस ते एकोणसाठ वयाच्या स्त्रियांची आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी करून योग्य उपचार केले, तरी या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे २००९ साली सिद्ध झाले आहे. आई मुलीकडे बघते, मग घड्याळाकडे. दंड चोळत बसलेली मुलगी म्हणते, ‘‘आई, मी थांबते बाहेर. तू जाऊन ये आत.’’